आठव्या नंबरची खुर्ची

फ्लेक्स उलगडला तेव्हा मीनाक्षी कणकेच्या दिव्यांत वाती घालत बसली होती. सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी एक्याऐंशी दिवे हवे होते. ते काम मोठ्या जावेने, नंदावहिनींनी, 'तुझ्या हाताला वळण आहे गं' असं म्हणून नेहमीसारखं तिच्या गळ्यात घातलं होतं. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या त्या जुन्या इमारतीखाली, खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत, सकाळपासून खुर्च्या मांडणं चालू होतं. इमारतीतली लग्नं आणि मर्तिकं सगळी तिथेच होत. गेल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या चिनी म्हाताऱ्याची शवपेटी तिथे होती. आज बेहेऱ्यांचे नाना तिथे सजवलेल्या खुर्चीत बसणार होते.

भाऊजींनी, म्हणजे थोरल्या रवींद्रनी, खुर्चीवर चढून फ्लेक्सची दोरी दोन खांबांना ताणून बांधली आणि ते मागे सरून कौतुकाने बघत राहिले.

'श्री. गोपीनाथ बेहेरे यांना सहस्रचंद्रदर्शनानिमित्त कोटी कोटी शुभेच्छा!' त्याखाली नानांचा जहाजावरच्या चीफ इंजिनियरच्या पोशाखातला जुना फोटो. आणि शेजारी, जवळजवळ नानांएवढाच, कोट घालून हात जोडलेला संग्राम. 'शुभेच्छुक : मा. श्री. संग्राम रवींद्र बेहेरे, खासदार, न्यूझीलंड.' मराठीत वाचता न येणाऱ्यांची पंचाईत नको म्हणून खाली इंग्रजीत 'एमपी' हेही मोठ्या अक्षरांत होतं. तळाशी बारीक ओळ होती, 'आणि समस्त बेहेरे परिवार'.

मीनाक्षीची लेक उत्कर्षा त्या समस्तात कुठेतरी असणार.

मीनाक्षीच्या हातातली वात तुपात तशीच राहिली. खासदार? संग्राम? कधीपासून?

न्यूझीलंडचं ते प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं. तिथे माणसाला मत देता येतं तसं पक्षालाही वेगळं मत देता येतं, आणि पक्षाला जेवढी टक्के मतं, त्या प्रमाणात त्याला पार्लमेंटमध्ये खुर्च्या. कोणत्या माणसांनी त्यांवर बसायचं याची यादी पक्ष निवडणुकीआधीच जाहीर करतो, वरपासून खाली, नंबर लावून. 'फेअर शेअर' नावाच्या त्या छोट्या पक्षाच्या यादीत उत्कर्षा आठवी होती आणि तिचा चुलतभाऊ संग्राम नववा. एका घरातली दोन माणसं एकाखाली एक. मतमोजणीच्या रात्री सातच खुर्च्या आल्या. बहीणभाऊ दोघेही दारातच राहिले, आणि तेव्हा सगळे हसलेही होते की घरातलं भांडण तरी टळलं.

ते आत्ता आलं होतं. त्या सातांपैकी एका बाईंनी आजारपणामुळे राजीनामा दिला. आता तिथल्या निवडणूक कार्यालयाने आठव्या नंबरला विचारायचं, येता का? ती हो म्हणाली तर ती. नाही म्हणाली तर नववा. दोघांच्या मध्ये एक 'नाही' होतं, एवढंच.

उत्कर्षाला तो फोन आला गुरुवारी संध्याकाळी. विमानातून उतरून ती सिंगापूरमधल्याच आंग मो किओ भागात आईच्या घरी पोचली होती आणि मीनाक्षी तिच्यासाठी थालीपीठ लावत होती. फोन ठेवून तिने सांगितलं तेव्हा मीनाक्षीने हातातलं उलथनंसुद्धा खाली ठेवलं नव्हतं.

"घ्यायचीच," ती म्हणाली होती. "विचारबिचार काही करायचा नाही. नंदाकाकूच्या नाकावर टिच्चून घ्यायची."

शिरीष मात्र नेहमीसारखा "बरं" म्हणाला आणि चपला अडकवून लेकीबरोबर खाली फेरफटका मारायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या 'बरं'मध्ये काय असतं ते मीनाक्षीला कधी कळलं नव्हतं. थोरल्या भावापुढे तर त्याला तेवढाही शब्द सुचत नसे.

मीनाक्षीने हात पुसले आणि ती उठली.

"वहिनी, हा फ्लेक्स कुठे छापला?"

नंदावहिनी फुलांच्या परड्या लावत होत्या. जरीची जांभळी साडी, नाकात नथ, चेहऱ्यावर यजमानीणपण. "पुण्याला. इथे कुठे असला मराठी फ्लेक्स मिळतोय? माझ्या भाचीने, स्मिताने, येताना बॅगेतून आणला. छान आलाय ना?"

"स्मिता कधी आली?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," मीनाक्षी म्हणाली. "आणि उत्कर्षाला फोन आला गुरुवारी."

परडीतली शेवंती वहिनींनी उगाचच इकडची तिकडे केली. मीनाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या लेकीला अजून कुणी विचारलं नव्हतं तेव्हा तिचं 'नाही' पुण्यात कापडावर छापून, घडी घालून, विमानात बसलंसुद्धा होतं!

"अगं, संग्राम पक्षातच आहे ना," वहिनी म्हणाल्या. "त्या बाई जाणार ही कुणकुण त्याला आधीच लागली होती."

"बाई जाणार ही कुणकुण लागली असेल. माझी लेक नाही म्हणणार ही कुणकुण कुणी लावली?"

"हळू बोल, लोक येताहेत."

"लोकांनी वाचावं म्हणूनच बांधलाय ना तो?"

वहिनींनी तिचा दंड धरला आणि तिला लेटरबॉक्सच्या रांगेपाशी नेलं. आवाज एकदम मऊ झाला. त्यांच्या मऊ आवाजाची मीनाक्षीला ओरडण्यापेक्षा जास्त धास्ती वाटे. "मीनाक्षी, तू आई आहेस, तूच विचार कर. उत्कर्षाची जाई अजून केवढीशी आहे. आत्ता तिला नवऱ्यापाशी ठेवून आली तर दर तासाला व्हिडिओ कॉल. पार्लमेंटात काय करणार ही? आणि आमचा संग्राम... वर्ष होत आलं त्याची नोकरी जाऊन. सूनबाई बोलत नाही त्याच्याशी. माझा मुलगा दिवसभर पडदे ओढून बसतो गं. त्याला उभं राहायला काहीतरी हवंय." त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. "आणि घरातली खुर्ची घरातच राहणार ना? एका वर्षी गणपती आमच्याकडे, एका वर्षी तुमच्याकडे. तसंच समज."

क्षणभर मीनाक्षीला त्यांची कीव आली. संग्रामला तिनेही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण गणपतीचं नाव निघालं आणि कीव जागच्या जागी विरली. कारण त्या पाळीतही दोन वर्षं लागोपाठ वहिनींचीच आली होती, एकदा नवीन फ्लॅट घेतला म्हणून आणि एकदा घेतलेला विकायचा होता म्हणून.

"वहिनी, ही मखरातली पाळी नाही. तिकडच्या लोकांनी मतं दिली आहेत."

"मतं पक्षाला दिली. माणसाला कुठे दिली?"

वहिनी पाठ करून आल्या होत्या. संग्रामने शिकवलं असणार, तेही मीनाक्षीच्या लक्षात आलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची लिम आंटी प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी लोंबकळवत आली आणि फ्लेक्ससमोर उभी राहिली. "वा! अंकल'स ग्रँडसन एमपी अह? सो यंग!"

"येस, येस, आंटी," नंदावहिनी लगबगीने म्हणाल्या.

"नो, आंटी," मीनाक्षी म्हणाली. "ही इज नॉट."

लिम आंटीने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "अय्यो. देन व्हाय यू ऑल पुट, लाह?"

आंटी स्ट्रॉने कॉफी ओढत लिफ्टकडे गेली.

संग्राम हार घेऊन आला तेव्हा मीनाक्षीने त्यालाही सोडलं नाही. तो फ्लेक्स बघून खरोखरच ओशाळला. "काकू, शप्पथ, हा आईचा उद्योग आहे. मला दाखवलाही नव्हता."

"हात जोडलेला फोटो आईने काढला का तुझा?"

"तो निवडणुकीतला आहे." तो खाली बघत म्हणाला. मग त्याने मान वर केली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, दाढीत पांढरं आलं होतं. "पण मला ती जागा हवी आहे, काकू. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला फार हवी आहे."

"हवी असण्यात काही चूक नाही रे बाळा. पण ज्या पोरीने तुला पक्षात नेलं, तिच्याकडे तरी एकदा जाऊन बोलला असतास. तू आजोबा, आईबाप, पुण्याची प्रेस, सगळ्यांकडे गेलास."

त्याने हार फ्लेक्सला न घालता टेबलावर ठेवून दिले.

नाना लिफ्टमधून उतरले ते शिरीषच्या हाताला धरून. रेशमी सोवळं, अंगावर उपरणं. पाय थकले होते तरी मान जहाजाच्या डेकवर असल्यासारखी ताठ. विश्वास गुरुजींनी संकल्प सोडला. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार आंग मो किओच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्स तपासत आणि शनिवार-रविवार सिंगापुरातल्या मराठी घरांचे सत्यनारायण बघत. त्यांनी धूर होणार नाही एवढाच होम केला, चांदीच्या चंद्राची पूजा सांगितली आणि घड्याळ पाहून म्हणाले, "आता सुवासिनींनी ओवाळायचं. थोरल्या सूनबाई आधी."

नंदावहिनींनी दिव्यांच्या ताटाला हात लावला. तेवढ्यात नानांनी हात वर केला.

"थांबा. ओवाळण्याआधी मला एक मागायचंय."

खुर्च्यांतली कुजबुज थांबली. पुढच्या रांगांत बँकेतले, शिपिंगमधले, जुने शेजारी, सगळेच बसले होते. म्हाताऱ्याने आजच्या दिवशी मागितलेलं कुणी नाही म्हणत नाही, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. नंदावहिनींनाही ठाऊक होतं. मीनाक्षीने त्यांच्याकडे पाहिलं तर त्या ताटाकडे बघत होत्या.

"उत्कर्षा, इकडे ये."

उत्कर्षा पुढे आली. साधी सुती साडी, केस वर बांधलेले. नानांनी तिच्यापुढे तळवा पसरला. "तू गुणाची पोर आहेस. नंदा सांगत होती की तुझ्याही मनात नाही, फक्त तोंडावर म्हणायला संकोच होतोय. तो संकोच मी मोडतो. ती जागा संग्रामला जाऊ दे. तो या घरातला थोरला नातू आहे. दे वचन."

"माझ्याही मनात नाही?" मीनाक्षीचा आवाज तिलाच नको तेवढा मोठा वाटला. "नाना, हे तुम्हाला कुणी सांगितलं? हिने सांगितलं का? हिच्या तोंडून ऐकलंत?"

"मीनाक्षी, पाहुणे आहेत," भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले.

"असू देत, भाऊजी! फ्लेक्स पाहुण्यांसमोर लावलात, वचन पाहुण्यांसमोर मागताय, मग मी तेवढी स्वयंपाकघरात जाऊन बोलू? माझी लेक त्या थंडीत दारोदार फिरली. लोकांनी तोंडावर दारं आपटली. पोटात जाई असताना पत्रकं वाटली तिने. आठवा नंबर काय तिला वाणात आला? आणि तुम्ही तो पुण्याला छापून मोकळे झालात!"

तिने शिरीषकडे पाहिलं. तो नानांच्या खुर्चीमागे उभा होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर जमिनीवर. त्याची सख्खी मुलगी भर मंडपात लुबाडली जात होती आणि हा बाप्या फरशीच्या चिरा मोजत होता! मीनाक्षीला त्या क्षणी नंदावहिनींपेक्षाही त्याचा राग आला.

"आई, थांब," उत्कर्षा म्हणाली.

ती नानांसमोर गुडघ्यांवर बसली. त्यांचा पसरलेला तळवा तिने खालून दोन्ही हातांत धरला, पण वचनासाठी त्यावर आपला हात ठेवला नाही.

"नाना, ती खुर्ची माझी असती ना, तर मी देऊन टाकली असती. दादाला गरज आहे हे मला दिसतंय, मी आंधळी नाही. पण ती माझी नाहीच, तर देऊ कशी? लोकांनी पक्षाला मत दिलं तेव्हा यादी त्यांच्यासमोर होती. सात झाले की आठवी ही, हे सगळं उघड सांगूनच मतं मागितली आम्ही. मीच मागितली. आता ते नंबर आपण क्वीन्सटाउनला बसून फिरवायचे, थोरला नातू म्हणून? मग उद्या तिथे कुणाच्या दारात उभी राहू मी?"

"कायद्यात बसतं ते," भाऊजी म्हणाले. "तू नाही म्हण, पुढचा येतो. सरळ आहे."

"मला खरंच जमणार नसतं तर नाही म्हणणं सरळ होतं, काका. घरच्यांनी म्हणायला लावलं म्हणून म्हणणं सरळ नाही." तिने वळून फ्लेक्सकडे पाहिलं. "आणि आता तो प्रश्नच उरला नाही. काल सकाळीच मी कळवलं. हो म्हणून."

नंदावहिनींच्या हातातलं ताट कलंडलं. एक दिवा खाली पडला आणि तूप फरशीवर पसरलं.

"काल?" मीनाक्षीच म्हणाली. "काल कळवलंस आणि मला बोलली नाहीस? मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. का नाही सांगितलंस?"

उत्कर्षाने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमून पाहिलं.

"तू विचारलंस कुठे, आई? तू 'घ्यायचीच' म्हणालीस. नंदाकाकू 'सोड' म्हणाली, तू 'घे' म्हणालीस. दोघींनीही आपापलंच ठरवलं होतं. मला हवी आहे का, एवढं फक्त बाबांनी विचारलं. परवा खाली, फूड सेंटरच्या दारात. मी अर्धा तास उलटसुलट बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले."

मीनाक्षीने शिरीषकडे पाहिलं. तो अजूनही फरशीकडेच बघत होता. पण तो नेमका त्या खुर्चीमागे का उभा आहे, हे तिला आत्ता कळलं. भावासमोर, बापासमोर, एवढ्या माणसांत, बोलता येत नसतानाही तो नानांच्या पाठीशी नव्हे, तर लेकीला समोर दिसेल असा येऊन उभा राहिला होता. तिचा सगळा राग एकदम बिनजागेचा झाला. एवढा मोठा राग, आणि ठेवायला कुठे जागा नाही. थोडा तिच्याच अंगावर आला.

नानांचा तळवा उत्कर्षाच्या हातांत अजून पसरलेलाच होता. "मग," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच म्हातारपण ऐकू आलं, "आजच्या दिवशी मागितलेलं मला मिळालं नाही तर."

"मागायला मी आले होते, नाना," उत्कर्षा म्हणाली. "आशीर्वाद. आधी तुम्हीच मागितलंत."

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घालत होतं, त्याचा खडखडाट येत होता. नानांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग तोच हात उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"मला सांगितलं गेलं ते वेगळं होतं," ते म्हणाले. नंदावहिनींकडे त्यांनी बघितलं नाही. वहिनींना ते न बघणंच जास्त लागलं असावं. "आणि तो फ्लेक्स कुणी लावलाय? मला चष्म्याशिवाय दिसत नाही. माझ्याशेजारी कोण आहे तिथे?"

शेवटी संग्रामच पुढे झाला. बापाने बांधताना घेतलेल्या त्याच लाल खुर्चीवर तो चढला आणि एका बाजूची गाठ सोडू लागला. "अरे, राहू दे ना, निदान आजचा दिवस," नंदावहिनी म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. गाठ सुटेना तेव्हा शिरीष दुसऱ्या खांबाकडे गेला आणि दोघांनी मिळून तो उतरवला. घडी घालताना संग्रामचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याला ती जागा अजूनही हवीच होती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. निदान तो ते लपवत नव्हता.

नंदावहिनींना मीनाक्षीने माफ केलं नाही. पुढे कितीतरी महिने करणार नव्हती, हे तिला तिथेच ठाऊक होतं. मुलाचं दुःख खरं होतं म्हणून म्हाताऱ्याच्या कानात घातलेलं खोटं खरं होत नव्हतं. तिने न बोलता सांडलेलं तूप पुसलं, पडलेल्या दिव्याच्या जागी कणकेचा नवा दिवा वळला आणि ताट वहिनींसमोर धरलं. मान त्यांचा होता. तो हिसकावून घ्यायला ती काही नंदावहिनी नव्हती.

वाती लावायला उत्कर्षा शेजारी येऊन बसली. दोघी एकेक दिवा पेटवू लागल्या. पंख्याच्या वाऱ्याने विझे, पुन्हा लावावा लागे. विश्वास गुरुजींनी उठून पंखे बंद केले.

मीनाक्षीला विचारायचं होतं. दोन दिवस उशीर झाला होता. ताट अर्धं उजळलं तेव्हा कुठे ती म्हणाली, "तुला हवी होती ना गं ती?"

उत्कर्षाच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिने ती टाकली नाही.

"हो, आई," ती म्हणाली. "फार हवी होती."